लपवायचं पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे आणि माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. भोपाळच्या एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, कापडात शिवलेला आणि वर लाखेचं सील लावलेला असा मी पडून आहे.

बंदुकांच्या दुकानात काचेखाली माझ्याशेजारी एक रिव्हॉल्व्हर होतं. किंमत जवळपास सारखीच. सुधाकर आम्हां दोघांना पाहायला तीनदा आला. तो सरकारी कारखान्यात स्टोअरकीपर, राहायला टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये. एके दिवशी सकाळी अकरा वाजता, तांब्याच्या तारेने भरलेला आणि गेटपास नसलेला एक ट्रक त्याने समोर उभं राहून अडवला होता. पुढे चोरीचा खटला उभा राहिला आणि ट्रकवाल्यांचा निरोप आला, कोर्टात तोंड उघडलंस तर बघ. परवाना मिळायला दोन वर्षं गेली. हाताशी रक्कम होती ती फ्रिजसाठी साठवलेली, तेवढीच.

अखेर स्टोअरकीपरच तो. त्याने तुलनात्मक तक्ता आखला: वजन, जाडी, गोळ्या, दुरुस्ती. सरकारी खरेदीच्या नियमाने कोटेशनं तीन हवीत, म्हणून तो अस्वस्थ झाला. शेजारचे शांताराम म्हणाले, "तिसरी म्हणून विळी धर. घरचीच आहे."

दुकानात त्याने आम्हांला आळीपाळीने कमरेला खोचून पाहिलं. "रिव्हॉल्व्हर ऐन वेळी अडकत नाही म्हणतात," तो म्हणाला.

"पण शर्ट फुगतो," त्याची बायको नलिनी म्हणाली. "लोक विचारतील, डबा कमरेला का बांधलाय. चपटं घ्या."

"भाभीजी सही कह रही हैं," दुकानदार म्हणाला. "छुपाने की चीज़ है, छुपनी चाहिए."

असा मी घरी आलो. पहिल्याच खंडेनवमीला नलिनीने मला पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला आणि सगळ्या ब्लॉकला प्रसादाला बोलावलं. चाळीस माणसं मला नमस्कार करून गेली. संध्याकाळपर्यंत बातमी टाउनशिपबाहेर, पार इंद्रपुरी वस्तीत पोचली.

तरी सुधाकर खूश होता. मी कमरेला असलो की तो ताठ चाले. कधी घरी राहिलोच, तर सोनागिरीच्या वळणावरून स्कूटर परत फिरवी. पुढेपुढे दूध आणायलासुद्धा मला नेऊ लागला.

मग साक्षीची तारीख लागली आणि त्याच आठवड्यात निवडणूक. परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करा, असा हुकूम निघाला. सुधाकर कायदा पाळणारा माणूस, रांगेत पहिला. पावतीची झेरॉक्सही काढली.

निवडणूक संपली. लोक आपापली हत्यारं घेऊन गेले. सुधाकर सर्वांत शेवटी आला. ठाण्याच्या कारकुनाने, मुन्शीने, विचारलं, "क्यों भाईसाहब, गवाही हो गई?"

"हो गई."

"क्या बोले?"

"यही, कि अँधेरा था. ट्रक ठीक से दिखा नहीं."

मुन्शीने रजिस्टर पुढे केलं. सुधाकरने सही केली नाही. "अभी रहने दीजिए," म्हणाला आणि गेला. त्याला सात वर्षं झाली.

मित्रांनो, मला तेल द्या, पुसून ठेवा, असं काही मी मागत नाही. गंज चढायचा तो चढला. खाचेतलं कुंकू तेवढं शाबूत आहे. पण त्या सकाळी लख्ख ऊन होतं, समोर ट्रक होता आणि सुधाकरच्या हातात गेटपासच्या बुकाशिवाय काहीही नव्हतं. जपायचं होतं ते बुक, मी नव्हे.