गरम झालं की मरतं

वहिनींचं म्हणणं एवढंच होतं की इंजिन गरम झालं की मरतं. यात न कळण्यासारखं काय होतं? पण होड्यांच्या अख्ख्या धक्क्याला ते कळत नव्हतं, कारण सांगत होत्या वहिनी.

नवऱ्याचा खांदा निखळल्यापासून नदीपारची होडी त्याच चालवत. सकाळच्या गारव्यात होडीमागचं ते जुनं इंजिन एका दोरीत सुरू व्हायचं आणि शहाण्या बाळासारखं चालायचं. दुपारी मात्र लागोपाठ फेऱ्या झाल्या की नेमकं मधल्या धारेत खोकायचं, अडखळायचं आणि गप्प व्हायचं. वहिनी दोरी ओढून ओढून घामाघूम, आणि उतारू एकमेकांकडे बघून हसत. बऱ्याच वेळाने, जसं काही झालंच नाही अशा थाटात, ते पुन्हा सुरू. पेट्रोलच्या टाकीचा हवेचा स्क्रू वहिनींनी बघितला, उघडा होता. नळीवरचा रबरी फुगा दाबून बघितला, टणक होता. म्हणजे पेट्रोल पोचत होतं. मग मरत कशाने होतं?

"बाईचा हात," धक्का म्हणायचा. हेच इंजिन नवऱ्याच्या हातात बंद पडायचं तेव्हा हीच माणसं म्हणायची, "दमलं बिचारं."

नवराही काही कमी नव्हता. खाटेवर पडल्या पडल्या सल्ले द्यायचा.

"चोक जास्त ओढत असशील तू."

"तापलेल्या इंजिनाला चोक ओढतं का कुणी?"

"मग नाही बुवा माहीत," म्हणून स्वारी कुशीवर वळायची.

दीर इंजिनांचा मिस्त्री. तो संध्याकाळी यायचा, अंगणात पाण्याच्या पिंपावर इंजिन लावायचा आणि दोरी ओढायचा. तोवर ते थंडगार झालेलं, लगेच सुरू!

"वहिनी, काही दोष नाही यात."

"भावजी, थंड आहे म्हणून चालतंय. तापल्यावर बघा."

"तापलेल्या इंजिनाला मिस्त्री हात लावत नसतो. आधी थंड होऊ द्यायचं, मग खोलायचं. धंद्याची रीतच आहे ती."

ताप उतरल्यावर नाडी बघायची आणि ताप नव्हताच म्हणून सांगायचं, असली ही रीत! वहिनींना हसावं की डोकं आपटावं कळेना.

आणि मग अध्यक्षांनी कळस केला. होडीवाल्यांचे हे अध्यक्ष. त्यांना निवडलं कुणी ते कुणालाच आठवत नव्हतं. भर धक्क्यावर ते म्हणाले, "परवापासून दुपारच्या फेऱ्या माझा भाचा करेल. वहिनींचं म्हणजे, नाचता येईना अंगण वाकडं!" सगळे खो खो हसले. दीरसुद्धा हसला. तेच जास्त लागलं. सकाळी उतारू असतात किती? घर चालत होतं ते दुपारच्या फेऱ्यांवर.

"उद्या दुपारी तुम्हीच चालवा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या हातात नाही बंद पडलं तर फेऱ्या भाच्याला. भावजी, तुम्हीही यायचं. हत्यारं घेऊन."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी इंजिनाला उसंतच दिली नाही. शेवटच्या फेरीचे उतारू उतरले तरी ते चालूच ठेवलं आणि अध्यक्षांना इंजिनाच्या दांड्याशी बसवलं. दिराला हत्यारांसकट मध्ये घेतलं आणि आपण पुढे बसल्या. अध्यक्ष छत्री काखेत मारून ऐटीत निघाले. मधल्या धारेत इंजिन खोकलं, अडखळलं आणि गप्प झालं.

अध्यक्षांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. उभं राहून ओढली. कपाळावरून घाम वाहायला लागला.

"थांबा," दीर सवयीने म्हणाला, "जरा थंड होऊ दे."

"खबरदार!" वहिनी कडाडल्या. "थंड झालं की तुम्ही म्हणणार दोष नाही. आत्ताच्या आत्ता झाकण काढा."

बोटांवर फुंकर घालत, कुरकुरत, दिराने झाकण काढलं. प्लग बाहेर काढून त्याच्या वायरीत अडकवला आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. उन्हात ठिणगी दिसेना म्हणून अध्यक्षांना छत्री धरून ओणवं उभं राहावं लागलं. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. ठिणगीचा पत्ता नाही. मग दिराने फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि प्लगला वीज देणाऱ्या कॉइलवर दाबून धरलं. थोड्या वेळाने दोरी ओढली, तर निळी ठिणगी तडतडली.

"कॉइल," तो खाली बघत म्हणाला. "तापली की ठिणगीच देत नाही."

"मग मी इतके महिने काय सांगत होते? अंगाई गात होते का?"

दीर प्लग परत बसवायला लागला.

तेवढ्यात धक्क्यावरून आरोळी आली. होडी थांबलेली त्यांना दिसत होती. छत्रीआड कोण ते दिसत नव्हतं. "काय वहिनी! पुन्हा बाईचा हात का?" आणि मागोमाग हशा.

अध्यक्षांना ते असं झोंबलं, की छत्री बाजूला करून ते ओरडले, "मी चालवतोय, मी! इंजिन गरम झालं की मरतंय! त्याला हात काय करणार?"

मग तिकडून समजूतदार आवाज आला, "असं होय! मग इंजिनातच दोष असणार."

वहिनींना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचंच वाक्य, शब्दाला शब्द! त्यांनी घसा कोरडा करून सांगितलं तेव्हा ते रडगाणं होतं. ह्या माणसाने एकदा ओरडून सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी रागाने पुसलं.

"उठा तिथून," त्या म्हणाल्या. अध्यक्ष छत्री सावरत पुढे सरकले.

"दुपारच्या फेऱ्या तुमच्याकडेच राहू द्या, वहिनी," ते मोठ्या मनाने म्हणाले.

"राहू द्या काय? माझ्याच आहेत त्या." वहिनींनी दोरी हातात घेतली. "आणि ऐका. धक्क्याला लागल्यावर काय झालं ते मी सांगणार. तुम्ही दोघांनी नुसती मान हलवायची."