ओलेटाने निवडलेली गोळी

शेजारच्या घरात भरदुपारी चोर शिरले, त्याच आठवड्यात गार्लंडने बायकोला स्वतःच्या वडिलांचं पिस्तूल देऊन टाकलं. फॉर्टीफाइव्ह, जाड गोळीचं. तो ट्रक घेऊन चार-चार दिवस बाहेर असायचा, आणि ओक्लाहोमातल्या त्या गावाबाहेरच्या घरात ओलेटा एकटी. माणूस जागीच आडवा करायचा तर गोळी जाडच हवी, असं तो वडिलांकडून ऐकत आला होता.

ओलेटाने ते तीनदा चालवून पाहिलं. तिन्ही वेळा मनगट दुखलं आणि गोळी मातीत गेली. मग ती दर शनिवारी हॉलिसच्या नेमबाजीच्या मैदानावर जाऊ लागली. हॉलिस हा विधुर माणूस, तीस वर्षं चौथीच्या मुलांना शिकवून निवृत्त झालेला. त्याने तिच्या हातात नाइन एमएमचं पिस्तूल दिलं. गोळी बारीक, धक्का कमी, आणि एका मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या डबीत, बसतात दुप्पट.

घरात मग हॉलिसच सुरू झाला. जेवताना हॉलिस काय म्हणाला, भांडी पुसताना हॉलिस काय म्हणाला. नेमाचा कागद तिने फ्रिजवर चिकटवला. मधोमध पाच भोकं, कपाखाली झाकली जातील इतकी जवळ. दूध घ्यायला फ्रिजकडे गेलं की गार्लंडला ती भोकं दिसायची. तेवीस वर्षांच्या संसारात तिने आपलं एवढं ऐकल्याचं त्याला आठवेना. शनिवारी ती केसही जरा निगुतीने विंचरते, असंही त्याला वाटू लागलं.

ओलेटाला आता स्वतःचं नाइन एमएम घ्यायचं होतं. गार्लंड म्हणाला, आधी तुझा हा मास्तर काय शिकवतो ते मला बघू दे.

शनिवारी तो वडिलांचं पिस्तूल घेऊन तिच्याबरोबर गेला. हॉलिस तिच्या मागे उभा राहून दोन बोटांनी तिचं कोपर सरळ करत होता.

"मास्तर," गार्लंड म्हणाला, "बारीक गोळीने बायकांची मनं राखता येतात. चोर पडत नाही."

हॉलिसने वाद घातला नाही. तुम्ही चालवून दाखवा म्हणाला. फक्त मॅगझिन मी भरणार, इथे सगळ्यांचं मीच भरतो.

पहिल्या दोन गोळ्या कागदाच्या कडेला लागल्या. तिसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसती टिचकी वाजली. आवाज नाही, धक्का नाही, तरी पिस्तुलाची नळी चांगली चार बोटं खाली झुकली. गार्लंडचे डोळे घट्ट मिटलेले होते. बाजूच्या दोन बायकांनी ते पाहिलं. ओलेटानेही.

"एक काडतूस मी मुद्दाम बिनदारूचं घातलं होतं," हॉलिस हळू आवाजात म्हणाला. "धक्क्याआधीच हात घाबरतो, तो असा पकडायचा. सगळ्यांचा पकडला गेलाय. माझाही."

"ओलेटाचा?"

"पहिल्या दिवशी. आता नाही."

गार्लंड पिस्तूल रिकामं करून ठेवून सरळ गाडीत जाऊन बसला. ओलेटा मागोमाग आली. तो माणूस तुझ्याकडे फार बघतो, एवढंच तो काचेकडे तोंड करून म्हणाला.

"बघतो. नेम चुकला की बघतो," ओलेटा म्हणाली. "माझ्या तीन गोळ्या मातीत गेल्या तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस का? तू बाबांच्या पिस्तुलाला ओरखडा पडला का ते बघत होतास."

गार्लंडने गाडीचं दार उघडलं. मग उतरला आणि परत आत गेला, मागोमाग ओलेटा. नाइन एमएम द्या म्हणाला. हॉलिस मॅगझिन भरायला पुढे झाला.

"तुम्ही नको. ही भरेल."

ओलेटाने गार्लंडला पाठ फिरवायला लावली. काडतुसं एकेक करून आत बसल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता.

"बिनदारूची किती घातलीस?"

"हॉलिस कधीच सांगत नाही," ती म्हणाली.

पुन्हा हॉलिस. गार्लंडने दात आवळले, डोळे उघडे ठेवले आणि नेम धरला.