पाय उचला बघू

हर्नियाच्या ऑपरेशनला आपण जागे असणार, या विचारानेच फुटबॉलच्या कोचना हुरूप चढला होता. कण्यात सुई गेली, पायांत ऊब पसरली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पाय उचला बघू."

काकांचा जन्म पोरांना पाय उचलायला लावण्यात गेलेला. सगळा जोर लावून त्यांनी उजवा पाय वीतभर उचलला आणि शाबासकीची वाट बघत राहिले.

"थांबू या," बाई सर्जनला म्हणाल्या. "काका, इथे नापास व्हायचंय. उगाच शूरपणा नको."

थोड्या वेळाने पोटावर फिरणाऱ्या ओल्या बोळ्याचा गारवा लागेनासा झाला, पाय ओंडक्यासारखे पडून राहिले, आणि मगच सर्जनने हत्यार उचललं.

खाटेवर परतल्यावर काकांनी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. "अगं, कात्रीचा आवाज ऐकला मी, पण दुखलं म्हणशील तर अजिबात नाही. थांब, तुला चालूनच दाखवतो."

बायकोने त्यांचा खांदा दाबून धरला. "आधी पाय उचला बघू."

काकांनी जीव तोडून जोर लावला. पाय ढिम्म हलेना.

"ही परीक्षा माझी," ती म्हणाली. "इथे पास झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही."