भिंतीबाहेरचा भाऊ

लिंबो बंद झाल्याचं फादरनी चहा पिता पिता सांगितलं. पोस्ट ऑफिस दुसऱ्या गल्लीत गेलंय, इतक्या सहज.

"तशी ती शिकवण कधी पक्की नव्हतीच, आजी. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं स्वर्गात नाहीत, नरकातही नाहीत, मधेच कुठेतरी लिंबोत, असं जुने लोक धरून चालायचे. आता आपण देवावर आशा ठेवायची."

"ते ठीक," गवंड्याची आई म्हणाली. "पण बंद केलात तर आतली पोरं कुठे सोडलीत?"

फादरनी बिस्कीट बुडवलं. ते तुटून कपात गेलं.

मग ठरलं ते एवढंच: दफनभूमीची भिंत पुढे सरकवायची, म्हणजे बाहेर पुरलेली ती बाळं आपोआप आत येतील. काम गवंड्यालाच मिळालं. त्या बाळांत त्याचा जुळा भाऊ होता.

म्हातारी रोज खुर्ची टाकून आतल्या बाजूला बसायची. तो आत आला की मी जायला मोकळी, असं तिने जाहीरच केलं होतं. शेवटचा थर चढत असताना ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. तुम्ही दोघं अगदी सारखे. सुईण घाबरलेली. घाईत तिने दोन्ही वेळा एकाच्याच डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं."

"कोणाच्या?"

"तेच तर कळलं नाही. तू जगलास, म्हणून तुझ्या नावावर धरलं."

"आई, पन्नाशी उलटली माझी, आज सांगतेस? आधीच पालिकेतला साहेब म्हणतो, तुमचा बांधकामाचा परवाना लिंबोत आहे. आता मी पण का?"

"फादरना सांग. शंका असली तर ते परत पाणी घालतात."

"उद्या बघू. हात भरलेत."

दगडांमधल्या दरजा भरायला तो सवयीने बाहेरच्या बाजूला उभा होता. शेवटचा दगड बसला. ओळंबा सरळ. पलीकडे खुर्ची सरकली.

"आलास का रे माझ्या राजा," आई म्हणाली. त्याच्याशी ती इतकं मऊ कधी बोलली नव्हती. "किती गारठलायस! चल घरी."

"आई, मी इकडे आहे!"

"कोण ओरडतंय गं?" पलीकडून कोणीतरी विचारलं. आवाज गवंड्याचाच होता.

"कोणी नाही. बाहेरचं पोर असेल."

गवंडी भिंतीला हात लावत फाटकाकडे निघाला. दरजा कशा नीट भरलेल्या होत्या, कुठे फट म्हणून नाही. फाटक कुठे सोडलं होतं, ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.