आरतीआधी उठू नये

मिनलला बसवत नव्हतं. टेकडीजवळच्या बॅरिकेडपासून मागच्या पानठेल्यापर्यंत तिने दुपारपासून किती येरझारा घातल्या, ते पांडुरंगालाच ठाऊक. मध्ये रस्त्यावर सतरंज्या अंथरून दीडशे माणसं बसलेली. सगळी शिकलेली, निम्मी तर तिच्यासारखी एम.एस्सी. डिसेंबरातलं ऊन पाठीला बरं वाटत होतं, पण चार वाजून गेले तसं तेही इमारतींच्या मागे सरकलं आणि माणसं मोबाइलवर वेळ बघायला लागली.

दर हिवाळ्यात नागपुरात सरकार येतं आणि त्याच्या मागोमाग मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, घोषणा देत बॅरिकेडपर्यंत यायचं, तिथं पोलिसांनी अडवायचं. मग पाच जणांचं शिष्टमंडळ गाडीत घालून मंत्र्यांकडे न्यायचं आणि बाकीच्यांनी रस्त्यावर बसून वाट बघायची. नागपूरकरांना हे सगळं पाठ असतं. शाळेत असल्यापासून मिनलने हे मोर्चे बसच्या खिडकीतून पाहिले होते, रस्ता अडला म्हणून चिडलीही होती. आज ती सतरंजीच्या बाजूला होती.

मागणी म्हणाल तर एवढीशी. माती परीक्षण मंडळाने दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळा सहायकांची परीक्षा घेतली, दोनशे बारा जण निवडले, यादी लावली. यादीत मिनल एकोणचाळिसावी. तिच्या वडिलांनी, देवराव बुवांनी, नंदनवनातल्या अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. नेमणुकीचं पत्र मात्र आलं नाही. कोणी नाही म्हणालं असंही नाही; नाही म्हणेल ते सरकार कसलं! कोणत्या प्रयोगशाळेला किती माणसं लागतात तो तक्ता नव्याने करायचा आहे, एवढंच. तो तक्ता एका समितीकडून दुसऱ्या समितीकडे फिरत राहिला, आणि प्रयोगशाळांचं काम एका एजन्सीची कंत्राटी पोरं निम्म्या पगारात करत राहिली. एजन्सी कोणाच्या भाच्याची हे सगळ्यांना माहीत होतं. तक्ता का पुरा होत नाही, तेही. यादीची मुदत एकतीस डिसेंबरला संपत होती आणि अधिवेशनाचा आज शेवटचा दिवस. आज मुदतवाढीवर तारखेसकट सही झाली नाही तर यादी रद्दीत जाणार. ही जाहिरातच आधीच्या जाहिरातीनंतर नऊ वर्षांनी निघाली होती; पुढची निघेपर्यंत वयाची अट उलटणार. मिनल चौतिसाची होती.

साडेचारला सौरवचा फोन आला. शिष्टमंडळाचा पुढारी तोच, दोन वाजता आत गेलेला.

"भेट झाली का?" मिनलने चालता चालताच विचारलं.

"कायची भेट! बसवून ठेवलं. दोनदा चहा झाला. पीए सारखा येऊन विचारते, बाहेर किती लोक आहेत अजून?"

"काहून?"

"काहून म्हणजे? पाचले आपली परवानगी संपते ना. रस्ता मोकळा झाला की मंत्र्याले आमाले भेटाची गरजच नाही. निवेदन घेतील न् घरी पाठवतील. मिनल, लोक उठू देऊ नको. कसंही कर."

कसंही कर, म्हणे! मिनल वळली तर पिंटू बॅग खांद्याला लावून उभाच होता. वडसा गावचा पोरगा, यादीत एकशेसाठावा. घरी आई एकटी, आणि सव्वासहाची एसटी चुकली तर रात्र स्टँडवर.

"ताई, मी निघून राहिलो. राग नको मानू."

"पिंटू, अर्धा तास."

"दोन वर्षं झाली ताई, अर्धा अर्धा तास करता करता." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. त्याला बघून मागचे चार जण कपडे झटकत उठले. एक जण उठला की दहा उठतात, सतरंजीचं हे असंच असतं. घोषणा देऊन देऊन पोरांचे घसे बसले होते. भाषणं संपली होती. आता माणसाला धरून ठेवावं तरी कशाने?

तेवढ्यात पानठेल्याच्या बाजूने देवराव बुवा येताना दिसले. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं, हातात डबा. मोर्च्यासाठी नव्हते आले. पोरगी सकाळी उपाशी निघाली म्हणून सिटी बसने आले होते. कुही-उमरेडकडच्या गावागावांत चाळीस वर्षं त्यांनी शेती सांभाळून कीर्तनं केली. मिनल लहान असताना मागे टाळ घेऊन उभी राहायची. एकदा कीर्तन रंगात आलेलं, वारा सुटला आणि मंडपाचा खांब कलला. चार गडी उठले, ते खांब धरायला. बाकी एक माणूस जागचं हललं नाही. आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नसतं. पोरं झोपतील, कंदील विझतील, पण माणूस उठणार नाही.

मिनलचे पाय एकदम थांबले.

"बाबा, तुम्ही उभे राहा."

"कोठी?"

"इथंच. कीर्तनाले."

बुवांनी डबा खाली ठेवला. "डोकं फिरलं का वं तुयं? हे काय सप्ताहाचं ठिकाण हाय?"

"लोक उठून राहिले, बाबा. कीर्तनातून कोणी उठत नाही. सौरव येईपर्यंत फक्त."

"नाही." बुवा शांतपणे म्हणाले. "कीर्तनकार उभा राहते ते जागा नारदाची. त्या जागेवर उभं राहून मी देवाबिगर कोणाले काही मांगतलं नाही. तुया नोकरीसाठी बी नाही. एका आमदारानं इचारलं होतं मले."

"काय विचारलं होतं?"

"सप्ताहाले आला होता. हार घातला न् कानात म्हणे, बुवा, पोरीचं काही काम असन तं सांगा. मी म्हणलं, इथं मी कथा सांगाले आलो."

"कधी?"

"झाले असन सहा-सात वर्षं."

सहा-सात वर्षं! ट्यूशनच्या पोरांच्या वह्या तपासत काढलेली, रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजीत नळ्या धूत काढलेली, मिहानमधल्या कंपनीच्या गेटवरून अर्ज देऊन परत येण्यात काढलेली. बापाचा राग यावा, तर त्याच बापाची कीर्तनं ऐकून तिला वशिल्याची किळस यायला लागलेली. रडावं तर वेळ नव्हता. घड्याळात पाचला सहा मिनिटं होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही नका राहू."

तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि सतरंजीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. सकाळपासून घोषणांना वाजवलेली डफली एकाच्या मांडीवर होती; त्याला तिने बोटांनी ठेका दाखवला. आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रामकृष्णहरी!"

उठलेले जागच्या जागी थबकले. ही विदर्भातली पोरं, प्रत्येकाच्या गावात सप्ताह होणारा. कानांनी ओळखलं आणि गुडघे आपोआप वाकले. पिंटूसुद्धा बॅग मांडीवर घेऊन बसला.

पाच वाजता इन्स्पेक्टर साहेब जवळ आले. "म्याडम, परवानगी संपली."

"साहेब, कीर्तन सुरू झालं."

साहेबांनी एकदा जमावाकडे पाहिलं, एकदा तिच्या अनवाणी पायांकडे. मग हळूच विचारलं, "आरती कितीले हाय?" लोक खदखदून हसले आणि साहेब ओशाळून बाजूला झाले. त्यांच्या शिपायाने मात्र सतरंजीवर टेकवलेला बूट मागे घेतला.

मिनलने आख्यान लावलं. आयत्या वेळी सुचलं ते. "एक होता राजा. राज्यात विहीर होती, विहिरीत पाणी होतं. राजानं दवंडी पिटवली, पाणी ओढणारे पाहिजेत. हजारो आले. परीक्षा घेतली, बारा निवडले. विठ्ठल विठ्ठल!"

"विठ्ठल!" सतरंजी गरजली.

"बारा जण विहिरीवर गेले. विहीर हाय, पाणी हाय, बादली हाय. दोर नाही! गेले राजाकडे. राजा मोठा मायाळू. पाठीवर हात ठेवून म्हणे, बाळांनो, दोर देणारच! पण किती हाताचा द्यावा, त्याची समिती नेमली हाय."

हशा पिकला. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली, बुवा थांबत तशीच.

"तवर लोकांनी प्यावं काय? तर राणीचा भाऊ नदीवरून घागरी आणून देते. घागरीमागं पैसा. दोर आला तर घागर कोण घेईल? म्हणून राजा बिचारा दोराकडे पाहते न् राणीकडे पाहते. पाणी ओढणारे बसले काठावर. एकाचे केस पिकले. एकीच्या लग्नाचं राहून गेलं. एकाची माय रोज विचारते, काय गा, लागला का कामाले? आणि तो म्हणते, हाव माय, लागलोच समज..."

आता हसलं नाही कोणी. पिंटूने मान खाली घातली. हे शेवटचं वाक्य मिनल स्वतः गेली दोन वर्षं घरी म्हणत आली होती. तिने चोरून बघितलं. बुवा सतरंजीच्या अगदी कडेला मांडी घालून बसले होते, डोळे मिटलेले, आणि हात ठेक्यावर.

पावणेसहाला पोलिसांची गाडी आली. सौरव कागद फडकावतच उतरला. "झालं, झालं! मंत्रीसाहेबांनी शब्द दिला! फोटो पण काढला आपल्यासोबत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मिनलने उभ्या उभ्या कागद वाचला. त्यांच्याच निवेदनाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने लिहिलं होतं, 'तपासून नियमानुसार सादर करावे'. तारीख नव्हती.

"सौरव, मुदतवाढ कुठं आहे?"

"सकारात्मक आहेत गं ते. उरकव आता. आरती घे."

आरती घेतली नाही, तर ही दीडशे माणसं इथेच राहतील. तिला ते पक्कं माहीत होतं. सात वाजोत, आठ वाजोत. मग आतल्यांना बाहेर बघावंच लागेल. तिने पिंटूकडे पाहिलं. तो बॅगेचा पट्टा मुठीत आवळून बसला होता, ओठ हलत होते, नामस्मरण नव्हे, एसटीचा हिशोब. उठत मात्र नव्हता. देवाला भिऊन बसला होता बिचारा. बुवा कशाला नाही म्हणाले, ते तिला आता कळलं. देवाच्या नावाने माणसं जमतात. त्यांना त्याच नावाने अडकवून ठेवायचं नसतं.

"आरती," ती म्हणाली.

पानठेलेवाल्याने तसबिरीपुढली उदबत्ती आणून दिली. सगळ्यांनी उभं राहून आरती म्हटली, दोन शिपायांनीही. मग मिनलने हात जोडले.

"आता कोणावर बंधन नाही. ज्याले जायचं त्यानं मोकळ्या मनानं जा. पण ह्या कागदावर तारीख नाही. तारीख आल्याशिवाय मी काही उठत नाही."

आणि ती खाली बसली. दुपारपासून पहिल्यांदाच.

माणसं पांगायला लागली. पिंटू जवळ आला, तिच्या पायांना हात लावून पळत सुटला. सौरव कपाळावर हात मारून म्हणाला, "कीर्तन करत राहिली असती तं सगळे राहिले असते ना वं! घालवलं तू!" आणि जरा वेळाने तोच तिच्या शेजारी येऊन बसला. साहेबांनी मोजलं आणि वायरलेसवर सांगितलं, "एक्केचाळीस. नाही उठत." पलीकडून काहीतरी खरखरलं. मोठी गाडी मागवली गेली.

तेव्हा बुवा उठले, उपरणं सारखं केलं आणि साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"बुवा, तुम्ही घरी जा. तुम्ही कुठं उमेदवार?"

"आरती झाली ना साहेब," बुवा म्हणाले. "आता मी मांगू शकतो. तुमच्या त्या यंत्रात सांगा, नंदनवनचा देवराव पोरीच्या नोकरीची तारीख मांगून राहिला." जन्मात पहिल्यांदा मागत होता माणूस. "बेचाळीस सांगा."

साहेबांनी बटण दाबलं. "बेचाळीस," ते म्हणाले.

गाडीत घालून सगळ्यांना पोलिसांच्या मैदानावर नेलं. नावं लिहून घेणं चाललं होतं तेव्हा सौरवचा फोन वाजला. तो ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा धड हसरा होईना, धड रडका.

"मुदतवाढ दिली. लेखी. एकतीस मार्चपर्यंत."

कोणी टाळी वाजवली, कोणी शिवी हासडली. मिनल उठली आणि पुन्हा चालायला लागली, या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत. बुवा डब्याचं झाकण उघडून तिच्या मागे मागे.

"दोन घास खा वं. तीन महिने भेटले ना?"

"तीन महिन्यांत तक्ता पुरा नाही झाला तर?"

"तं पुन्हा जा लागन मंत्र्याकडे."

"मार्चमधलं अधिवेशन मुंबईले असते, बाबा."

बुवा थांबले. पोळीचा तुकडा तसाच हातात. "तिकडच्या लोकायले आपली बोली समजते का?"

"समजते."

"मंग उद्याच तिकिटं काढा लागते," बुवा म्हणाले. "मार्चमध्ये गाड्यायले लई गर्दी राहते."