तीन किलो मीठ

शेजारच्या ओको आजोबांनी घेवड्याचं आणखी एक पिवळं पडलेलं रोप उपटलं, मुळं बोटांनी चोळून पाहिली आणि ते ढिगावर टाकलं. मग हात धुऊन ते बाकावर आले आणि गेशेच्या कपातल्या खडीसाखरेवर गरम चहा ओतला. खडीसाखर तडतडली.

गेशेला पळून जायचं होतं. पण या किनाऱ्यावर तीन कप झाल्याशिवाय उठणं म्हणजे घरच्यांचा अपमान, आणि हा तर पहिलाच होता.

कुंपणापलीकडे तिच्या घरची गाडी लावायची उतरती विटांची वाट लख्ख दिसत होती. तिथल्या शेवाळावरून तिची आजी दोनदा घसरली, तेव्हा आईनं गेशेला खरवडणी, ताठ ब्रश आणि गुडघ्याखाली घ्यायला उशी दिली होती. कोरडा दिवस बघून एकेक फट खरवडायची, झाडायची, पुन्हा वाळू भरायची. पाच विटांतच गेशेनं उशी भिरकावली, तीन किलो मीठ उकळत्या पाण्यात कालवलं आणि वाटभर ओतून मोकळी झाली. मिठानं माती मरते म्हणून याला कायद्यानं मनाई आहे, हे शाळेच्या पेपरात लिहून तिनं पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते! दोन दिवसांत शेवाळ करपलं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि सगळं पाणी उतारानं आजोबांच्या वाफ्यात गेलं.

लख्ख वाट पाहून आजोबा तेव्हा कुंपणावर रेलून म्हणाले होते, हल्लीच्या पोरींचे गुडघे लोण्याचे असतात म्हणे, तुझे कुठल्या लोहारानं घडवले? ती खुशाल हसली होती. वर पाठ दुखते म्हणूनही सांगितलं होतं.

दुसरा कप ओतता ओतता आजोबांनी सांगितलं की, मुलाला कळवून टाकलंय, आता बाग बास, शनिवारी खडी आणून वाफ्यांवर पसर. बियाणं तेच, माती तीच, म्हणजे बिघाड माणसात आहे. पाणी घातलं की नाही हेही आता आपल्याला आठवत नसेल. बोलताना त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

तिसरा कप गेशेनं न पिताच खाली ठेवला.

“आजोबा, मी खरवडलंच नाही,” ती कपाकडे बघत म्हणाली. “मीठ ओतलं. तीन किलो. पावसात ते इकडे आलं.”

आजोबांनी त्या ढिगाकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे मी पाणी घालत होतो?”

“रोज. मी खिडकीतून बघायचे.”

त्यांनी हात बाहेर काढले, उलटेपालटे करून पाहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. गेशेला तो बघवेना.

ते उठून आत गेले. उघड्या दारातून फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

“खडी नको रे. माती खारावली होती, एवढंच. कशानं काय विचारतोस? समुद्र आहे शेजारी. वारा आणतो मीठ.”

बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.