अपुरा ठेवायचा वास

आमच्या घरात हरवलेले वास बनवून देतात. हसू नका, चांगला चालतो धंदा. कुणाला पाडून टाकलेल्या थिएटरातल्या खुर्च्यांचा वास हवा असतो, कुणाला बंद पडलेल्या छापखान्याचा, कुणाला लहानपणीच्या वर्गातल्या ओल्या फडक्याचा. गिऱ्हाईक डोळे मिटून सांगत जातं आणि आम्ही बाटल्यांतून थेंब थेंब जुळवत बसतो. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, पण माझ्यासारखं नाक या घरात दुसरं नव्हतं. ठमी, माझी नात, जन्मली तेव्हा दुसरं आलं. डोळे बांधले तरी दारात कोण आलंय ते ती नुसत्या वासावरून सांगायची.

धंदा सासऱ्यांचा, आणि त्यांनी एक नियम घालून दिला होता. जागेचा वास पुरा करा, वस्तूचा करा. गेलेल्या माणसाचा करायची वेळ आलीच, तर एक जिन्नस मुद्दाम बाहेर ठेवा.

"वास पुरा झाला की माणूस येतं," ते म्हणायचे, "आणि आलेलं माणूस एकटं परत जात नाही."

सासरे थट्टा करणाऱ्यातले नव्हते.

मग माझी सून तापात गेली. शिवणकाम करायची. तिचं नि माझं पटत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. डावखुरी होती. ठमीच्या वेण्या घालायची तर भांग कायम डावीकडे कललेला. मी म्हणायची, "पोरीचं डोकं आहे की घाटातला रस्ता?" ती म्हणायची, "तुमच्या नाकाइतकं सरळ नाही जमत मला, आई." तोंडाला तोंड द्यायचीच ती. पण रोज सकाळी माझ्या केसांना तेल लावायची ती तीच. अबोला असला तरी यायची, मागे बसायची आणि एक शब्द न बोलता टाळूपर्यंत मुरवायची. केसांचा मला तोरा आहे, खोटं कशाला सांगू. या वयात कमरेखाली होते. बदामाचं तेल, लवंग आणि आणखी एक जिन्नस, जो मी लेकालाही सांगितलेला नाही. तेलाची बाटली मात्र कायम तिच्याच हातात असायची. ती गेल्यावर मी माझं मीच लावायला लागले.

आई गेल्यावर ठमी झोपेना, धड जेवेना. डोळे खोल गेले तिचे. शेवटी माझा लेक कामाच्या खोलीत जाऊन बसला आणि एक लहान बाटली घेऊन बाहेर आला.

"आई, वास घे."

घेतला. शिवणयंत्राचं तेल, शिंप्याचा खडू, इस्त्रीखालचं ओलं कापड, मागे कुठेतरी तापलेल्या दुधाची साय. सून उभीच राहिली समोर. पण पुरती नाही.

"काय कमी आहे?" त्यानं विचारलं.

"कमी आहे तेच बरं आहे."

"म्हणजे तुला कळलंय."

"मला कळलं नाही असं कधी झालंय?"

"मेल्यावरही तिला पुरती घरात येऊ देणार नाहीस तू."

लागलं ते. पण मी मान खाली घातली नाही. खरी गोष्ट अशी की मला कळलं नव्हतं. काय कमी आहे ते अगदी नाकाच्या टोकावर होतं आणि हाती येत नव्हतं. हे त्याच्यापुढे कबूल करण्यापेक्षा मी जीभ चावून घेतली असती. शिवाय नियम पाळला जात होता, मग बोलायचं कशाला.

त्यानं ते अत्तर ठमीच्या उशीला, गादीला लावलं. पोर गाढ झोपली. सकाळी मला म्हणाली, "आजी, आई आली होती."

"कुठे?"

"दारात. आत येत नाही. म्हणते, काहीतरी राहिलंय."

मी लेकाला सांगितलं, ओतून टाक ती बाटली. तर म्हणतो, "झोपते ना ती? जेवते ना? आजोबांचं काय घेऊन बसलीस, ते फ्रिजलाही घाबरायचे."

पुढे एका दुपारी ठमीचं अंग कोमट लागलं म्हणून मी तिच्या खोलीत तिला मांडीवर घेऊन बसले. केस धुऊन नुकतंच तेल लावलं होतं, मोकळेच होते. तिनं माझ्या केसांत नाक खुपसलं. मग हळूच म्हणाली, "आली."

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. आणि त्याच क्षणी मला तो वास आला, पुरा. माझ्या टाळूवर कुणीतरी हात ठेवला, एक शब्द न बोलता.

स्वतःचा वास स्वतःला येत नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. मी तीच विसरले होते. सुनेच्या हातांत माझं तेल मुरलेलं होतं. बाहेर राहिलेला जिन्नस मी होते, आणि मीच तो डोक्यावर घेऊन खोलीत आले होते.

त्या दिवसापासून ठमी खोलीबाहेर येईना. ताट पुढे सरकवलं की बाजूला सारायची. "आई म्हणते, आता कशाला जेवायचं? निघायचंच आहे."

आता लेकाचा चेहरा पांढरा पडला. बाटली ओतली, गादी जाळली, भिंती धुतल्या. पण मुरलेला वास लाकडातून जात नाही. तो जाऊ नये यासाठीच तर आम्ही नावाजलेले. पोरीला उचलून बाहेर आणायला गेला, तर तिचा श्वासच अडकायला लागला. परत आत ठेवली तेव्हा सुरू झाला.

"आई, तू तरी आत जाऊ नकोस," तो म्हणाला.

"नात माझी आहे. मी आत जाणार. घराबाहेर जायचं ते तेल जाईल."

तेल मी मोरीत ओतलं, बाटली दगडावर फोडली. न्हाव्याला घरी बोलावलं.

"आजी, एवढे केस? कुणाशी पैज हरलात की काय?"

"मी हरत नाही. काप."

मानेपर्यंत कापले त्यानं. उरले ते मी धुण्याच्या सोड्यानं घासले, कातडी सोलवटेपर्यंत. लेकाला जवळ बोलावून विचारलं, येतो का वास? नाही म्हणाला. डोळे पुसत म्हणाला, पण मी त्याला रडू दिलं नाही. म्हटलं, जिन्नस काढून घेतला, आता ती जाईल आणि पोर माझ्यामागे जेवायला येईल.

ठमीच्या खोलीचं दार ढकललं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, माझ्याकडे पाठ.

"ठमे."

ती वळली नाही. नाक वर करून तिनं हवेचा अंदाज घेतला, अनोळखी माणसाचा घ्यावा तसा.

तिच्या वेण्या नुकत्याच घातलेल्या होत्या. तेल ताजं होतं, इतकं की कॉलरवर उतरलं होतं. लवंगेचा वास उंबऱ्यापर्यंत आला. भांग डावीकडे कलला होता.

"आई," ती म्हणाली, मला नाही, "दारात कुणीतरी उभं आहे."